टाइलच्या मागचा पैसा

नॅशनल बिल्डिंग कोडप्रमाणे संडास आणि न्हाणी एकत्र असलेल्या खोलीला किमान २.८ चौरस मीटर जागा आणि १.२ मीटर रुंदी लागते. म्हणजे जेमतेम तीस चौरस फूट. केंद्राच्या गृहनिर्माण व नागरी व्यवहार मंत्रालयाने २०२१ साली सुगम्यतेची मार्गदर्शक तत्त्वं काढली, त्यांत व्हीलचेअरला जागच्या जागी वळायला १.५ मीटर व्यासाचं वर्तुळ मोकळं ठेवा असं सांगितलंय. पहिला आकडा आपल्या घरांचा, दुसरा मुख्यतः सार्वजनिक इमारतींचा. त्यामुळे विमानतळावरच्या स्वच्छतागृहात सुखाने वळणारी खुर्ची स्वतःच्या घरी बाथरूमच्या दारातच अडते.

मी पुण्यात घरांची अंतर्गत रचना करते. दिवाणखाना सगळेच हौसेने करून घेतात. माझी निम्मी कारकीर्द मात्र न्हाणीघरात उतार मोजण्यात गेली. गिऱ्हाईक येतं ते मोबाइलमध्ये फोटो घेऊन. काळे नळ, छतातून पडणारा पाऊस, खिडकीशी टब, आपोआप झाकण उघडणारं जपानी कमोड. फोटो मी बघते आणि तीन प्रश्न विचारते. घरात सगळ्यांत वयस्कर कोण? बाथरूमचं दार केवढं? आणि पाण्याची टाकी तुमच्या डोक्यावर किती मजले? पहिल्या प्रश्नाला लोक अवघडतात, दुसऱ्याला टेप शोधतात, तिसऱ्याला हसतात. फोटोतलं किती खरं होणार, ते मात्र याच तीन उत्तरांवर ठरतं.

माझं म्हणणं साधं आहे. कुणाचा हात न धरता आणि पाय घसरेल याची भीती न बाळगता रोज अंघोळ करून बाहेर येता येणं, ही न्हाणीघरातली पहिली चैन. ती पैशाने मिळते, पण तिच्यातला बराचसा पैसा टाइलच्या मागे आणि खाली जातो. तिथे तो पाहुण्यांना दिसत नाही, म्हणून खर्च करताना हात आखडतो.

तीन पिढ्या, एक बाथरूम

प्रभात रस्त्याच्या बाजूला केलेलं एक काम उदाहरणादाखल सांगते. जुना, ऐसपैस फ्लॅट. आजी ऐंशीच्या पुढच्या, दोन्ही गुडघे दुखरे, मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झालेली. मुलगा पन्नाशीचा, कामानिमित्त सतत बाहेर; त्याला परदेशातल्या हॉटेलात पाहिलेलं बाथरूम हवं होतं. सुनेला रोज घासावं लागणार नाही असं काहीतरी हवं होतं. नात कॉलेजात, तिला आरसा आणि त्यावरचा उजेड. पैशाची अडचण नव्हती. मुलाने पहिल्याच भेटीत एक अट घातली, "मॅडम, काहीही करा, हॉस्पिटलसारखं दिसायला नको." आतल्या खोलीतून आजींचा आवाज आला, "आणि त्या दांड्या-बिंड्या काही लावू नकोस गं. मला अजून काठीसुद्धा लागत नाही."

ही घरोघरीची गोष्ट आहे. आधाराची दांडी लावणं म्हणजे म्हातारपणाच्या कागदावर सही करणं, असं आपल्याकडच्या माणसांना वाटतं. मग ती दांडी बहुधा खुब्याचं हाड मोडल्यावर, दवाखान्यातून घरी आल्यावर लागते. जागतिक आरोग्य संघटनेच्या आकडेवारीनुसार जगात दरवर्षी ६ लाख ८४ हजार माणसं पडून दगावतात आणि त्यांत साठीच्या पुढच्यांचं प्रमाण सर्वाधिक असतं. ओली फरशी, अनवाणी पाय, साबण आणि बंद दार हे सगळं घरात एकाच खोलीत एकत्र येतं.

अमेरिकेतले वास्तुरचनाकार रोनाल्ड मेस यांनी या प्रश्नाला वेगळी वाट दाखवली. लहानपणीच्या पोलिओमुळे ते स्वतः व्हीलचेअर वापरत. अपंगांसाठी वेगळं, कुरूप, कोपऱ्यातलं काही बांधण्यापेक्षा मूळ वस्तूच अशी करा की ती सगळ्यांना वापरता येईल, असा त्यांचा आग्रह होता. याच विचाराला आज युनिव्हर्सल डिझाइन म्हणतात. नॉर्थ कॅरोलायना स्टेट युनिव्हर्सिटीत त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९७ मध्ये त्याची सात तत्त्वं मांडली. त्याआधी, १९६६ मध्ये, कॉर्नेल विद्यापीठातले अलेक्झांडर किरा यांनी माणूस न्हाणीघरात नेमका कसा बसतो, वाकतो, हात कुठे टेकतो, याचा अभ्यास करून पुस्तक लिहिलं होतं. कमोड, बेसिन, टब घडवताना शरीराचा विचारच झालेला नाही, हा त्यांचा निष्कर्ष आजही आपल्या शोरूममध्ये फिरताना पटतो.

पायाखालून सुरुवात

मुलाच्या मनात इटालियन मार्बल होता, तोही पॉलिशचा. ओल्या खोलीत पायाखाली यापेक्षा वाईट दगड नाही. शिवाय लिंबू, व्हिनेगर किंवा संडास धुण्याचं ॲसिड पडलं की मार्बलवर कायमचा डाग उठतो. तो मार्बल आम्ही बेसिनच्या मागच्या भिंतीवर चढवला, तिथे तो छान दिसतो आणि कुणाला पाडत नाही.

जमिनीसाठी टाइल निवडताना दुकानदार "अँटी-स्किड आहे" एवढंच म्हणतो. तेवढ्यावर थांबू नका. खोक्यावर किंवा कंपनीच्या माहितीपत्रकात आर-९ ते आर-१३ असा आकडा असतो. ही जर्मनीतली चाचणी. तिरकी होत जाणारी फळी, तिच्यावर तेल आणि बूट घातलेला माणूस. कितव्या अंशाला तो घसरतो त्यावर आकडा ठरतो. पण आपण बूट घालून अंघोळ करत नाही. त्यासाठी दुसरी चाचणी आहे, साबणाच्या पाण्यावर अनवाणी चालण्याची. तिचे ए, बी आणि सी असे तीन वर्ग आहेत. शॉवरखालच्या जागेला निदान बी वर्ग मागा. दिवाळीत अभ्यंगाच्या पहाटे आपल्या न्हाणीत तेल, उटणं आणि साबण तिन्ही असतात, हे त्या जर्मन प्रयोगशाळेच्या स्वप्नातही आलं नसेल. माहितीपत्रक मिळालं नाही तर नमुन्याची टाइल घरी आणा, तिच्यावर साबणाचं पाणी ओता आणि भक्कम काहीतरी धरून तिच्यावर उभे राहा. पायाला लगेच कळतं. जुन्या वाड्यांतल्या मोरीत खरबरीत शहाबादी फरशी असायची, ती उगाच नाही.

आम्ही मोरबीची गडद करड्या रंगाची मॅट टाइल घेतली, शॉवरखाली छोट्या आकाराची. जितके सांधे जास्त तितकी पकड जास्त. सांध्यांत एपॉक्सी ग्राउट भरलं, म्हणजे सुनेची काळजीही मिटली. साध्या सिमेंटच्या सांध्यांसारखं ते मळ पीत नाही. गडद फरशीवर पांढरं कमोड उठून दिसतं. पांढऱ्या फरशीवर पांढरं कमोड आणि पांढरी भिंत फोटोत देखणी दिसते. कमी दिसणाऱ्या माणसाला मात्र कडा कुठे संपते तेच कळत नाही.

यानंतर उंबरा. आपल्याकडे बाथरूमचा स्लॅब खाली दाबलेला असतो, त्यात पाइप टाकून वर विटांच्या तुकड्यांचा कोबा भरतात. एवढं असूनही दारात ग्रॅनाइटची पट्टी लागते, फरशी इंच-दीड इंच खाली राहते आणि शॉवरच्या काचेशी पुन्हा एक कट्टा येतो. पाणी बाहेर येऊ नये म्हणून केलेले हे दोन अडथळे, आणि ठेच लागण्याच्या नेमक्या याच दोन जागा. आम्ही दोन्ही काढले. शॉवरच्या मागच्या भिंतीशी लांबट जाळी बसवली आणि सगळ्या फरशीला एकाच दिशेने, मीटरमागे दीड ते दोन सेंटिमीटर उतार दिला. चौकोनी जाळीकडे चारी बाजूंनी उतार काढला की पायाखालची जमीन वाकडी होते. एकाच दिशेचा उतार पावलांना जाणवतही नाही.

उंबरा काढायचा तर वॉटरप्रूफिंगमध्ये काटकसर चालत नाही. खालच्यांच्या छताला ओल आली की सोसायटीच्या सभेत काय होतं ते वाचकांना सांगायला नको. लेप भिंतीवरही चढवायचा, दारापाशी बाहेरपर्यंत न्यायचा आणि टाइल लावण्याआधी जाळी बंद करून निदान ४८ तास पाणी भरून ठेवायचं. खालच्या मजल्यावर जाऊन छत पाहून यायचं. मिस्त्री घाई करतात, "मॅडम, काही होत नाही." होतं.

दार अडीच फुटांचं होतं. चौकट आणि फळीची जाडी वजा केली की जेमतेम सव्वादोन फूट उरतात आणि साधी व्हीलचेअर तेवढीच रुंद असते. चाकं ढकलणारे हात कुठे जायचे? सुगम्यतेच्या तत्त्वांत ९०० मिलिमीटर मोकळी रुंदी सांगितली आहे. भिंत वजन पेलणारी नव्हती, त्यामुळे दार तेवढं वाढवता आलं. ते सरकतं केलं. आत उघडणाऱ्या दाराचा एक धोका लोकांच्या लक्षात येत नाही: आतला माणूस दाराशी पडला की त्याच्याच अंगाने दार अडतं आणि मदतीला येणारा बाहेर उभा राहतो. दार बाहेर उघडणारं किंवा सरकतं असावं, आणि कडी अशी असावी की बाहेरून नाण्याने फिरवता येईल.

दांडीचा प्रश्न

घसरणारा माणूस हाताला येईल ते धरतो, आणि बाथरूममध्ये हाताला येते ती टॉवेलची दांडी. ती दोन बारीक स्क्रूंवर असते, ती माणसाचं वजन पेलत नाही. म्हणून मी टॉवेलची दांडीच आधाराची करते. जाडी साधारण ४० मिलिमीटर, म्हणजे मूठ नीट वळते. भिंतीपासूनही तेवढंच अंतर, म्हणजे हात मागे अडकत नाही. काळा मॅट रंग, नळांना जुळणारा. एक शॉवरपाशी, एक कमोडच्या बाजूला. हॉस्पिटलसारखं काही दिसलं नाही म्हणून मुलगा खूश झाला. आजी त्यांना टॉवेलची दांडी म्हणतात आणि उठताना दोन्ही हातांनी धरतात.

खरी गोम भिंतीत आहे. आजकाल भिंती हलक्या सच्छिद्र ब्लॉकच्या असतात. त्यांत साधा प्लग ठोकला की काही महिन्यांत तो सैल होतो. तिथे केमिकल अँकर लागतो किंवा टाइल लावण्याआधीच भिंतीत पट्टी बसवून घ्यावी लागते. दांडी आज नको असेल तरी भिंत आज तयार ठेवा. पुढे दांडी काही हजारांत लागते. भिंत तयार नसेल तर टाइल फोडावी लागते.

कमोडची उंची ही दुसरी स्वस्त आणि मोठी सुधारणा. जमिनीवर बसवलेली बरीच कमोडं ४० सेंटिमीटरच्या आसपास असतात. दुखऱ्या गुडघ्यांना तिथून उठणं म्हणजे रोजची परीक्षा. ४५ ते ४८ सेंटिमीटर ही सोयीची उंची. भिंतीवर टांगलेलं कमोड घेतलं की उंची आपल्या मनाप्रमाणे ठेवता येते आणि खालची फरशी पुसायला मोकळी राहते. ते पडेल, अशी भीती लोकांना वाटते. चांगली लोखंडी चौकट जमिनीत नीट बांधली तर ४०० किलोचा भार घेते. कमकुवत असते ती बांधणी.

शॉवरखाली आम्ही भिंतीला लागून दगडी बैठक केली, कमोडच्याच उंचीची. आणि तिच्या शेजारी गुडघ्याच्या उंचीचा एक छोटा ओटा. मुलाला ओटा कळेना. तो बादलीचा. आजींना शॉवर आवडत नाही, त्यांना बादली आणि तांब्या हवा. बादली जमिनीवर असली की प्रत्येक तांब्यासाठी वाकावं लागतं. ओट्यावर असली की बसल्या बसल्या अंघोळ होते. पाटावर बसून न्हाण्याची आपली रीत आहेच, जपानीही छोट्या स्टुलावर बसून अंग धुतात. उभं राहून न्हाणं हे काही सुधारणेचं लक्षण नाही.

पाणी किती, कुठून, किती जोराने

शहरात नळ आणि गटार दोन्ही असलेल्या ठिकाणी माणशी रोज १३५ लिटर पाणी धरून योजना आखतात. त्यातलं बरंचसं न्हाणीघरात जातं. छतातला मोठा पावसासारखा शॉवर मिनिटाला १५ ते २० लिटर सोडतो. दहा मिनिटं उभं राहिलं तर दीडशे ते दोनशे लिटर, म्हणजे एका माणसाचा दिवसाचा कोटा संपूनही वर उधारी. आजींची बादली १८ लिटरची. त्या घरात सगळ्यांत पर्यावरणस्नेही उपकरण तेच होतं.

शॉवर काढून टाकायला मी सांगत नाही. पाण्यात हवा मिसळणारा, मिनिटाला ८-९ लिटरचा शॉवर अंगाला तेवढाच भरघोस लागतो. बेसिनच्या नळाला एरेटर लावला की हात धुताना निम्म्याहून कमी पाणी जातं. टबचा विषय आला तेव्हा मी एवढंच सांगितलं की तो भरायला दोनशे लिटरच्या आसपास पाणी लागतं, त्याच्या काठावरून पाय टाकणं आजींना जमणार नाही, आणि उन्हाळ्यात तुमच्याकडे टँकर येतो. टबचा विषय तिथे मिटला. त्याच जागेत व्हीलचेअरचं १.५ मीटरचं वर्तुळ बसलं. घरात आज व्हीलचेअर नाही, पण नातीचा पाय क्रिकेट खेळताना मोडला तेव्हा काही आठवडे त्याच मोकळ्या जागेत तिची कुबडी फिरली.

फ्लशच्या दोन बटणांमागेही एक इतिहास आहे. लघवीसाठी कमी पाणी, शौचासाठी जास्त, ही कल्पना डिझायनर व्हिक्टर पापानेक यांनी मांडली होती. ऑस्ट्रेलियातल्या करोमा कंपनीचे ब्रूस थॉम्पसन यांनी १९८० च्या सुमारास ती बाजारात आणली. तो देश कोरडा, त्यामुळे तिथे ती रुजली. तेव्हा मोठा फ्लश ११ लिटरचा आणि छोटा साडेपाच लिटरचा होता. आता ६ आणि ३ लिटर सर्रास मिळतो, त्याहून कमीचाही. पण टाकी बदलून जुनं भांडं तसंच ठेवलं तर कमी पाण्यात ते साफ होत नाही आणि माणूस दोनदा फ्लश करतो. भांडं आणि टाकी एकमेकांसाठी घडवलेली हवीत.

आता तिसरा प्रश्न, टाकी किती मजले वर? पाण्याची दहा मीटर उंची म्हणजे एक बार दाब. इमारतीत सगळ्यांत महाग फ्लॅट वरच्या मजल्यावर असतो आणि टाकी त्याच्या डोक्यावर दोन-तीन मीटर. म्हणजे सगळ्यांत महागड्या बाथरूममध्ये सगळ्यांत कमी दाब. तिथे परदेशी शॉवर लावला की त्यातून पाऊस पडत नाही, थेंब गळतात. दाबाचा पंप बसवावा लागतो, त्याला जागा, वीज आणि आवाज या तिन्हींची सोय नकाशातच करावी लागते.

गरम पाण्याचा हिशेब

पुण्यात गच्चीवर सौर बंब जागोजागी दिसतात आणि महापालिका त्यासाठी मिळकतकरात सवलतही देते. पण वरचं गरम पाणी खालच्या नळाला पोचेपर्यंत पाइपातलं थंड पाणी आपण सोडून देतो. २० मिलिमीटर आतल्या व्यासाच्या पाइपात मीटरमागे सुमारे ०.३ लिटर पाणी मावतं. तीस मीटरच्या पाइपात नऊ-साडेनऊ लिटर. प्रत्येक अंघोळीआधी अर्धी बादली चांगलं पाणी मोरीत जातं, आणि ते चार माणसांचं, रोजचं. उपाय दोन. पाइपाला उष्णतारोधक आवरण घालून बटण दाबल्यावर पाणी फिरवणारा छोटा पंप बसवणं, किंवा शॉवरजवळ एक छोटा गीझर ठेवणं. तेवढंही नको असेल तर ते पाणी बादलीत धरा आणि कुंड्यांना घाला. त्याला तंत्रज्ञान लागत नाही.

साठवणीच्या गीझरमध्ये पाणी ६० अंशांच्या आसपास असावं, नाही तर त्यात लेजिओनेलासारखे जंतू वाढू शकतात. पण ६० अंशांचं पाणी थेट अंगावर आलं तर काही सेकंदांत भाजतं, आणि वयस्कर माणसांची, मधुमेह्यांची त्वचा उशिरा सावध होते. म्हणून साठवायचं गरम आणि सोडायचं मिसळून. हे काम थर्मोस्टॅटिक मिक्सर करतो. त्याला ३८ अंशांवर एक खटका असतो. तो मुद्दाम दाबल्याशिवाय पुढे जाता येत नाही. थंड पाणी अचानक बंद झालं तर तो गरमही रोखतो. एकाच महागड्या वस्तूवर खर्च करायचा असेल तर मी याच्यावर करायला सांगते.

दोन गोष्टींत तडजोड नाही. गॅस गीझर बंद बाथरूमच्या आत कधीही नको. त्यातून कार्बन मोनॉक्साइड तयार होतो, त्याला वास नसतो आणि माणूस बेशुद्ध होईपर्यंत कळत नाही. दुसरं, बाथरूमच्या विजेच्या वायरिंगला ३० मिलिॲम्पिअरचा आरसीसीबी हवाच. ओल्या अंगाला बसलेला झटका जीवघेणा होण्याआधी तो वीज तोडतो.

जपानी कमोड आणि मराठी स्टिकर

मुलाचा हट्ट होता तो पाण्याने धुऊन वाऱ्याने वाळवणाऱ्या सीटचा. या सीटची गोष्ट गमतीची आहे. १९६० च्या दशकात अमेरिकेत रुग्णांच्या सोयीसाठी अशी सीट निघाली. जपानच्या टोटो कंपनीने ती आयात केली, सुधारली आणि १९८० मध्ये वॉशलेट या नावाने स्वतःची आणली. आज जपानमधल्या ८० टक्क्यांहून अधिक घरांत अशी सीट आहे. कागद वापरणाऱ्यांना पाण्याने धुणं हीच क्रांती वाटली. आपल्याकडे पाणी पहिल्यापासूनच आहे. आपल्याला या सीटचा उपयोग वेगळा आहे: संधिवाताने बोटं वाकलेल्या, खांदा धरलेल्या किंवा पक्षाघातातून उठलेल्या माणसाला दुसऱ्याची मदत लागत नाही. सगळ्यांत खासगी कामासाठी सुनेला हाक मारावी न लागणं, याची किंमत आजींना विचारा.

पण ती सीट लावायची तर कमोडशेजारी विजेचा पॉइंट लागतो, आणि जुन्या घरांत तो कधीच नसतो. खडकवासला धरणाचं पाणी तसं मऊ, पण बोअरच्या आणि टँकरच्या पाण्यातल्या क्षारांनी बारीक तोटी बुजते, त्यामुळे आधी फिल्टर हवा. वीज गेली तरी हाताने फ्लश होतो ना, ते विकत घेतानाच करून बघा. आमच्या सीटच्या रिमोटवर बारीक चित्रं होती. आजींनी तो दोन दिवस हातात धरला नाही. मग नातीने मोठ्या अक्षरांत स्टिकर चिकटवले: "धुवा", "वाळवा", "थांब". आता आजी पाहुण्यांना त्याची माहिती देतात.

नव्या यंत्रांबद्दल माझी तीन कसोट्यांची चाळणी आहे. वीज नसताना चालतं का? बिघडलं तर पुण्यात दुरुस्त करणारा आहे का? आणि डोळ्यांत साबण, चष्मा बाहेर, अशा अवस्थेत वापरता येतं का? बोलके आरसे आणि रंग बदलणारे दिवे बहुतेक इथेच गळतात. टिकतात ते साधे. घोट्याच्या उंचीवरचा, हालचाल ओळखून लागणारा मंद दिवा. रात्री उठलेल्या माणसाला तो वाट दाखवतो आणि झोपही मोडत नाही. बेसिनखालचा गळती ओळखणारा सेन्सर. कॅमेऱ्याशिवाय, रेडिओलहरींवरून कुणी पडलं का ते ओळखणारं उपकरणही आता मिळतं. बाथरूममध्ये कॅमेरा कुणालाच नको असतो, म्हणून त्याचं महत्त्व. आणि एक साधी घंटा. तिची दोन बटणं: एक कमोडवर बसून हाताला येईल तिथे, दुसरं जमिनीपासून फूटभर वर, कारण पडलेला माणूस वर पोचू शकत नाही.

टिकाऊपणाचा शेवटचा हिशेब दुरुस्तीचा. टाइल, नळ, सिमेंट हे सगळं बनवायला भट्ट्या पेटतात. दर आठ-दहा वर्षांनी बाथरूम फोडून राडारोडा बाहेर काढणं हा पर्यावरणावरचा मोठा खर्च. नळ पितळेच्या अंगाचा घ्या, त्याचं कार्ट्रिज सुटं मिळतं का ते विचारा, भिंतीतल्या व्हॉल्व्हपाशी उघडता येणारं झाकण ठेवा आणि टाइल लावण्याआधी सगळ्या पाइपांचे फोटो काढून जपा. पुढच्या प्लंबरला एका टाइलऐवजी सगळी भिंत फोडावी लागणार नाही.

करारावर सही करण्याआधी

सध्या पुण्या-मुंबईत सोसायट्यामागून सोसायट्या पुनर्विकासाला निघाल्या आहेत. सभांमध्ये नळ कोणत्या कंपनीचे, टाइल किती बाय किती, यावर तासन्‌तास चर्चा होते. बिल्डरच्या सुविधांच्या यादीत ते सगळं ठळक छापलेलं असतं. दाराची रुंदी, भिंतीची ताकद, फरशीची पातळी यांचा उल्लेखही नसतो. त्या सभांना येणारे बहुतेक सभासद साठीच्या पुढचे असतात आणि नव्या घरात सगळ्यांत आधी म्हातारे होणार ते तेच.

म्हणून सोसायटीच्या कमिटीला माझी विनंती आहे. करारात एवढं लिहून घ्या. प्रत्येक घरात निदान एक बाथरूम असं, ज्यात १.५ मीटरचं वर्तुळ बसेल. त्याला ९०० मिलिमीटर मोकळं, बाहेर उघडणारं किंवा सरकतं दार. उंबरा नाही. कमोड आणि शॉवरपाशी दांडी पेलणारी भिंत. कमोडशेजारी विजेचा पॉइंट आणि पूर्ण बाथरूमला आरसीसीबी. शॉवरखाली बी वर्गाची टाइल. नकाशाच्या टप्प्यावर यातल्या बहुतेक गोष्टींना फारसा जादा खर्च येत नाही. राहायला गेल्यावर याच गोष्टींसाठी घर फोडावं लागतं. नळ कोणत्या कंपनीचा, ते सगळ्यांत शेवटी ठरवा.